शेऱ्याखाली सही कोणाची?

कृत्रिम बुद्धिमत्तेवर कायदा असावा की नसावा, यावरून आमच्या घरात दोन पक्ष आहेत. एका बाजूला भाचा, दुसऱ्या बाजूला मी. भाचा नेदरलँड्समधल्या आइंडहोवनला असतो, सॉफ्टवेअरच्या नोकरीत. माझी नोकरी तहसील कार्यालयात झाली, त्यातली बरीच वर्षं पुरवठा शाखेत, शिधापत्रिकांच्या ढिगाऱ्यात. रविवारी व्हिडिओ कॉल लागला की पहिली पाच मिनिटं पाऊसपाण्याची आणि गुडघेदुखीची, मग आमची जुंपते. बहीण मागून ओरडते, "तुमचं सरकार बनवून झालं की फोन इकडे द्या, मला नात बघायचीय."

त्याचं म्हणणं असं, की मामा, तुमच्या पिढीला प्रत्येक गोष्टीवर शिक्का लागतो. अमेरिका आणि चीन यंत्रं बनवतात आणि युरोप त्या यंत्रांचे नियम बनवत बसतो. दहा माणसांच्या कंपनीतली तीन माणसं कागद भरण्यातच गेली, तर काम कोण करणार? मी म्हणतो, यंत्र कोणी कसं बनवावं ते तुमचं तुम्ही बघा. ते यंत्र तहसीलदाराच्या टेबलावर येऊन बसतं, तेव्हा काय करायचं ते सांग.

जगभर जी चर्चा चालते ती बहुतेक त्याच्या प्रश्नाची असते, माझ्या प्रश्नाची नसते. २०२३ च्या मार्चमध्ये हजारोंच्या सह्यांचं पत्र निघालं की प्रगत प्रणालींचं प्रशिक्षण सहा महिने थांबवा. कोणी थांबलं नाही. मे महिन्यात चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयचे सॅम ऑल्टमन अमेरिकी सिनेटच्या समितीपुढे बसले आणि आमच्यावर नियमन हवं असं स्वतःच सांगून आले. ऑक्टोबर संपता संपता बायडन यांनी लांबलचक आदेश काढला. लगोलग इंग्लंडमधल्या ब्लेचली पार्कला भारतासह अठ्ठावीस देश आणि युरोपीय संघ जमला, जाहीरनामा निघाला. मग २० जानेवारी २०२५ ला ट्रम्प यांनी कारभार हाती घेतला आणि त्याच दिवशी बायडन यांचा आदेश रद्द झाला. पुढच्याच महिन्यात पॅरिसची परिषद झाली, तिचं सहअध्यक्षपद भारताकडे होतं. तिथल्या निवेदनावर अमेरिकेनं आणि ब्रिटननं सहीच केली नाही. या साऱ्याचा वृत्तान्त वाचताना मला मोठ्या बैठकांची इतिवृत्तं आठवतात. उपस्थितांची यादी दीड पान, चर्चा अर्धं पान आणि शेवटी "संबंधितांनी कार्यवाही करावी". संबंधित कोण, ते कुठंच नसतं.

यंत्र माणसावर उलटेल ही भीती मी हसण्यावारी नेत नाही. पण माझ्या खिडकीसमोर रांगेत उभ्या राहिलेल्या माणसाचं नुकसान व्हायला यंत्राला एवढं शहाणं व्हावं लागत नाही. साधं, जरासं मठ्ठ यंत्रही पुरतं. याचा सगळ्यात मोठा दाखला भाच्याच्या देशातला आहे, आणि तो मला त्यानंच तपशीलवार सांगितला. तेव्हा वाद घालायचा म्हणून नव्हे, पाळणाघराची फी किती असते हे सांगता सांगता विषय निघाला होता.

नेदरलँड्समध्ये आईबाप दोघं नोकरी करत असतील तर पाळणाघराच्या खर्चापोटी सरकार भत्ता देतं. भाच्यालाही मिळतो. भत्ता आधी हातात पडतो, हिशेब नंतर होतो. हे काम कर विभागाकडे. लबाडी पकडायची म्हणून विभागानं २०१३ पासून एक स्वतः शिकणारी प्रणाली वापरायला घेतली. ती प्रत्येक अर्जाला धोक्याचा गुण देई. गुण जास्त आला की अर्ज माणसाकडे तपासणीला. गुण ठरवताना अर्जदार डच नागरिक आहे की नाही, हाही एक निकष होता. आता पुढची गोष्ट पुरवठा शाखेत काम केलेल्या माणसानं नीट ऐकावी अशी आहे. ज्या कर्मचाऱ्याकडे तो अर्ज जाई, त्याला गुण जास्त आला एवढंच कळे. का जास्त आला, ते त्यालाही दिसत नसे. म्हणजे खुर्चीवर माणूस होता, पेन होतं, फक्त समोरच्या नस्तीत, म्हणजे फाइलीत, पहिलं पानच नव्हतं.

एकदा संशय बसला की कायदाही आंधळा. एखादी सही राहिली, स्वतःच्या वाट्याची थोडी रक्कम भरायची चुकली, तरी वर्षाचा सगळाच भत्ता परत मागत. पाळणाघराला दिलेले पैसे, तेही हजारो युरो, एकदम कुठून आणायचे? घरं विकली गेली, संसार मोडले, या कुटुंबांतली हजाराहून अधिक मुलं सरकारी आदेशानं घराबाहेर ठेवली गेली. बाधित कुटुंबं वीस हजारांच्या वर. आणि लोकांनी आपली नस्ती मागितली, तेव्हा काहींच्या हाती पानंच्या पानं काळी केलेले गठ्ठे आले. संसदेच्या चौकशी समितीनं डिसेंबर २०२० मध्ये अहवाल दिला आणि १५ जानेवारी २०२१ ला रुट्टे यांच्या मंत्रिमंडळानं राजीनामा दिला. पंतप्रधान राजीनामा द्यायला राजाकडे सायकलवरून गेले. भाच्याला त्या सायकलचं भारी कौतुक. मी म्हटलं, सायकल राहू दे, मार्चमधल्या निवडणुकीत पुन्हा त्यांचाच पक्ष पहिला आला ते सांग. त्यावर तो गप्प.

या प्रकरणाला नुसतं यंत्राचं पाप म्हणणं सोपं आहे आणि ते खरंही नाही. कायदा कठोर होता, न्यायालयांनी बरीच वर्षं विभागाची पाठराखण केली, राजकारण्यांना फसवेगिरी पकडल्याच्या बातम्या हव्या होत्या. यंत्रानं भर घातली ती एका गोष्टीची. संशय कोणाला आला, कशावरून आला, हे विचारायला जागाच उरली नाही.

त्याच देशात दुसरी एक प्रणाली होती, सिरी नावाची. फोनमधली बोलणारी ती ही नव्हे. सरकारच्या वेगवेगळ्या खात्यांची माहिती एकत्र करून कोणत्या वस्तीत, कोणत्या घरी सरकारी मदतीचा गैरवापर होत असावा, याचा ती अंदाज काढी. ती वापरली गेली ती मुख्यतः गरीब वस्त्यांत, आणि त्या शहरांच्या यादीत आइंडहोवनही होतं. ५ फेब्रुवारी २०२० ला हेगच्या जिल्हा न्यायालयानं निकाल दिला की ही प्रणाली पारदर्शक नाही, तिची पडताळणी करता येत नाही, सबब खासगी आयुष्याच्या हक्काचा भंग होतो. प्रणाली बंद झाली. कृत्रिम बुद्धिमत्तेचा वेगळा कायदा तेव्हा युरोपात झालेला नव्हता, त्याचा पहिला मसुदाही यायचा होता. जुन्या मानवाधिकार करारातल्या एका कलमावर काम भागलं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. त्याकडे पुढं येतोच.

आपल्याकडचं उदाहरण शेजारच्या राज्यातलं आहे. तेलंगणात समग्र वेदिका नावाची प्रणाली सरकारी खात्यांची माहिती जुळवून एकेका कुटुंबाची कुंडली मांडते: गाडी कोणाच्या नावावर, घर कुठं, वीजबिल किती. २०१४ ते २०१९ या काळात त्या राज्यात अठरा लाखांहून अधिक शिधापत्रिका रद्द झाल्या, बहुतेकांना नोटीससुद्धा न देता. हैदराबादच्या एका बाईचं कार्ड गेलं, कारण तिच्या नवऱ्याच्या नावावर चारचाकी असल्याचं यंत्राला दिसलं. नवरा रिक्षा ओढणारा होता. नावात थोडं साम्य असलेला भलताच कोणीतरी गाडीचा मालक. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं आणि एप्रिल २०२२ मध्ये न्यायालयानं सांगितलं की रद्द केलेल्या कार्डांची प्रत्यक्ष घरी जाऊन पडताळणी करा. पडताळणीत तपासलेल्या अर्जांपैकी सात टक्क्यांहून जास्त लोक पात्र निघाले. टक्केवारीत बोललं की सात म्हणजे किरकोळ वाटतं. पण हे तांदळाचे टक्के आहेत.

हे वाचलं तेव्हा मी माझ्या शाखेतली जुनी रीत भाच्याला समजावून सांगितली. अपात्र शिधापत्रिका शोधमोहीम आमच्याकडेही निघायची. प्राधान्य गटासाठी वार्षिक उत्पन्नाची मर्यादा ग्रामीण भागात ४४ हजार, शहरात ५९ हजार. संशय आला की तलाठ्याचा अहवाल, मग कार्डधारकाला नोटीस, मग त्याचं म्हणणं. लिपिक टिपणी लिहिणार, अव्वल कारकून तपासणार, तहसीलदारांपुढे "मान्यतेस्तव सादर". प्रत्येकाची आद्याक्षरी, खाली तारीख. एकदा एका कुटुंबाकडे ट्रॅक्टर आहे असा अहवाल आला. ट्रॅक्टर होताही, अंगणात उभा. सुनावणीला म्हातारी आली आणि ट्रॅक्टर विभक्त झालेल्या दिराचा असल्याचे कागद तिनं पिशवीतून काढले. वाटणीपत्र, सातबारा, सगळं. कार्ड राहिलं. अहवाल लिहिणाऱ्यानं खोटं लिहिलं नव्हतं, त्यानं डोळ्यांना दिसलं ते लिहिलं. पण "ट्रॅक्टर" हा शब्द नोटिशीत होता, म्हणून म्हातारीला कोणते कागद आणायचे ते कळलं. नुसतं "तुम्ही अपात्र ठरला आहात" असं लिहिलं असतं, तर ती काय घेऊन आली असती?

इथं भाच्यानं मला बरोबर कोंडीत पकडलं. म्हणाला, "मामा, तुमच्या त्या टिपण्या आणि आद्याक्षऱ्या मला सांगू नका. आजोबांना उत्पन्नाच्या दाखल्यासाठी किती हेलपाटे घालावे लागले होते, आईला विचारा. तुमचा कारकून पैसे घेत होता, जात बघत होता, पाहुणा बघत होता. यंत्र निदान चहापाणी मागत नाही."

यावर मला खोटं बोलता येईना. चहापाणी होतंच. जात बघणंही होतं, आणि ते लाचेसारखं रंगेहाथ पकडता येत नाही. कार्यालयातली रीत म्हणजे रामराज्य होतं असं म्हणायला मी बसलेलो नाही. पण कारकुनाच्या लबाडीला एक मर्यादा असते, ती म्हणजे त्याचा तालुका. फार तर त्याचं टेबल. त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो, लाचलुचपतवाले सापळा लावतात, तो निलंबित होतो, निदान बदली होते. शेजारच्या तालुक्यातला कारकून वेगळा असतो, कधी बराही असतो. यंत्राची चूक एकाच सकाळी सगळ्या राज्यात पोचते, आणि सगळीकडे अगदी सारखी. तिला निलंबित करता येत नाही. ज्यानं ती लिहिली तो कंत्राटदाराचा माणूस, कंत्राट संपलं की गेला. विभाग म्हणतो सिस्टीमनं केलं, कंपनी म्हणते विभागानं निकष दिले. पुरवठ्याच्या खिडकीवर "सर्व्हर डाउन आहे" हे वाक्य ज्यानं ऐकलंय, त्याला ही टोलवाटोलवी नवी नाही.

"मग हवा ना कायदा?" असं मीच मला विचारलं, आणि मग युरोपाचा तो कायदा, त्याच्याविषयी मिळेल ते वाचत, हळूहळू समजून घेतला. एप्रिल २०२१ मध्ये प्रस्ताव, १३ मार्च २०२४ ला युरोपीय संसदेत ५२३ विरुद्ध ४६ मतांनी मंजूर, १ ऑगस्ट २०२४ पासून अमलात. काही गोष्टींवर सरळ बंदी: नागरिकांना वागणुकीचे गुण देऊन त्यावरून वागवणं, शाळेत किंवा कामाच्या जागी चेहऱ्यावरून भावना ओळखणं. दंड साडेतीन कोटी युरोपर्यंत किंवा जगभरच्या उलाढालीच्या सात टक्के, यातलं जे जास्त असेल ते. सरकारी लाभ कोणाला द्यायचा हे ठरवणारी प्रणाली अतिजोखमीच्या गटात मोडते आणि तिच्यावर माणसाची देखरेख असावी लागते. आणि ८६ वं कलम. अशा प्रणालीच्या आधारे घेतलेला निर्णय ज्याला झळ लावतो, त्याला त्या निर्णयात प्रणालीचा वाटा काय होता याचा स्पष्ट खुलासा मागता येतो. एवढ्या जाडजूड कायद्यात मला माझ्या म्हातारीचं कलम सापडलं ते हे. मात्र अतिजोखमीच्या तरतुदी २०२६ च्या ऑगस्टपासून लागू व्हायच्या होत्या, आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये युरोपीय आयोगानंच त्या पुढं ढकलण्याचा प्रस्ताव मांडला. भाचा खूश. म्हणाला, बघा, त्यांनाही झेपत नाही.

माणसाच्या देखरेखीबद्दल माझा अनुभव मात्र भाच्याच्या बाजूनं साक्ष देतो, हे मी त्याला अजून सांगितलेलं नाही. देखरेख कागदावर फार छान दिसते. आपल्याकडे दप्तर दिरंगाईचा कायदा आहे, साधारणपणे कोणतीही नस्ती एका टेबलावर सात कामकाजी दिवसांपेक्षा जास्त राहू नये असं तो सांगतो. उद्देश चांगलाच. आता एका लिपिकापुढे यंत्रानं लाल खूण केलेली तीनशे प्रकरणं आली, प्रत्येकाला "मान्य" आणि "अमान्य" अशी दोन बटणं, आणि अमान्य दाबलं तर कारण लिहायचं बंधन. मान्य दाबलं तर काहीच लिहायला नको. संध्याकाळपर्यंत तीनशेच्या तीनशे मान्य होतील, हे सांगायला ज्योतिषी नको. यंत्राशी असहमत व्हायला वेळ लागतो आणि वर जाब द्यावा लागतो. अशी देखरेख म्हणजे यंत्राच्या पापाला माणसाची सही मिळवून देणं.

याचं उत्तम उदाहरण मुंबई उच्च न्यायालयापुढे आलं, ऑक्टोबर २०२५ मध्ये. आयकराच्या चेहराविरहित, म्हणजे अधिकारी आणि करदाता समोरासमोर न येता होणाऱ्या आकारणीत एका कंपनीचं उत्पन्न अधिकाऱ्यानं कितीतरी पटींनी वाढवून धरलं होतं आणि आदेशात आधाराला न्यायनिवाडे दिले होते. कंपनीच्या वकिलांनी शोधले तर ते निवाडे अस्तित्वातच नव्हते. न्यायालयानं आदेश रद्द करून प्रकरण परत पाठवलं आणि बजावलं की यंत्रानं दिलेलं उत्तर अर्धन्यायिक, म्हणजे न्यायाधीशासारखा निवाडा देण्याचं काम करणाऱ्यानं पडताळून घेतल्याशिवाय वापरू नये. इथं अधिकारी होता. सही होती. वाचन नव्हतं.

पण या प्रकरणाकडे मी उलट्या बाजूनंही बघतो. हे खोटं सापडलं कसं? आदेश कारणांसह लिहिणं बंधनकारक होतं म्हणून. निवाड्यांची नावं आदेशात छापलेली होती, म्हणून वकिलाला ती शोधता आली. रिक्षावाल्याच्या बायकोला दिलेल्या उत्तरात असं काहीच नव्हतं. खोटं कारण पकडता येतं. न दिलेलं कारण कशाला धरून पकडणार? माझी सगळी भूमिका या फरकावर उभी आहे. सही हवीच, पण तिच्या वर शेरा हवा, आणि शेऱ्यात "ट्रॅक्टर" असा काहीतरी ठोस शब्द हवा.

आता दिल्लीकडे. १ मार्च २०२४ ला केंद्राच्या इलेक्ट्रॉनिकी आणि माहिती तंत्रज्ञान मंत्रालयानं कंपन्यांना सूचनापत्र काढलं की कृत्रिम बुद्धिमत्तेची पुरेशी चाचणी न झालेली प्रारूपं (मॉडेल्स) लोकांना खुली करण्याआधी सरकारची स्पष्ट परवानगी घ्या. गहजब झाला. मंत्री म्हणाले, छोट्या नव्या कंपन्यांना हे लागू नाही. पंधरा मार्चला नवं पत्र आलं, परवानगीची अट गेली. बाबूगिरीचा पुरस्कार करणारा म्हणून भाचा मला हिणवतो, पण तो प्रकार मलाही पटला नव्हता. कोणत्या कायद्याच्या कोणत्या कलमाखाली परवानगी द्यायची, कोणी द्यायची, किती दिवसांत, नाकारली तर अपील कुठं, यातलं काहीही न सांगता मागितलेली परवानगी म्हणजे नव्या खिडकीची सोय. खिडकी उघडली की तिच्यापुढे कोण उभं राहतं आणि मागं कोण बसतं, हे आम्हाला शिकवायला नको.

मग नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्राची मार्गदर्शक तत्त्वं आली. सात सूत्रं. तूर्त वेगळा कायदा नको, आहेत ते कायदे पुरेत, असा त्यांचा सूर. त्या सातांत एक सूत्र निर्बंधापेक्षा नवनिर्मितीला पसंती द्या असं सांगतं, दुसरं उत्तरदायित्वाचं आहे, तिसरं प्रणाली समजण्याजोगी असावी असं म्हणतं. भाच्याला पहिलं आवडलं, मला बाकीची दोन. तत्त्वं म्हणून ती वाईट नाहीत. तत्त्व मोडलं तर मात्र अपील करता येत नाही. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदा पाहिला, तर केवळ यंत्रानं घेतलेल्या निर्णयाला हरकत घेण्याचा युरोपासारखा हक्क त्यात नाही. उलट त्यानं माहिती अधिकार कायद्यातली वैयक्तिक माहिती नाकारण्याची सवलत जास्त रुंद करून ठेवली.

आणि खाली गावात काय चाललंय? जुलै २०२५ पासून अंगणवाडीतून घरी न्यायचा आहार द्यायचा तर पोषण ट्रॅकर अॅपवर लाभार्थीचा चेहरा जुळावा लागतो. गावात नेटवर्कच्या दोन काड्या, सेविकेच्या हातात जुना फोन, समोर बाळंतपणानं चेहरा उतरलेली बाई. यंत्र म्हणतं ही ती नव्हे. सेविका म्हणते, अहो, ही माझ्या आळीतली, हिच्या लग्नात मी जेवलेय. यंत्र आणि सेविका, दोघांपैकी कोणाचं ऐकायचं हे ठरवणारा नियमही कृत्रिम बुद्धिमत्तेचं नियमनच असतो, आणि तो ठरवायला ब्लेचली पार्कला जावं लागत नाही.

म्हणून, आहेत ते कायदे पुरेत, या दिल्लीच्या म्हणण्याला मी एका अटीवर रुकार देतो: ते खरोखर वापरा. महाराष्ट्रानं माहिती अधिकाराचा स्वतःचा कायदा २००२ मध्ये केला, देशाचा २००५ मध्ये आला. त्याचं कलम ४(१)(घ) काय म्हणतं, तर प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणानं आपल्या प्रशासकीय आणि अर्धन्यायिक निर्णयांची कारणं बाधित व्यक्तींना द्यावीत. मागितली तर द्यावीत असं नव्हे, आपणहून द्यावीत. त्यात निर्णय माणसानं घेतला की यंत्रानं, असा भेद नाही. आपला २०१५ चा लोकसेवा हक्क कायदाही अर्ज फेटाळताना कारण लेखी नोंदवायला लावतो. हेगच्या न्यायाधीशांनी जुन्या करारातून जे काढलं, ते आपल्याकडे याहून स्पष्ट शब्दांत छापून तयार आहे. ते कलम कार्यालयात फार कोणाला ठाऊक नसतं, ही गोष्ट वेगळी.

शिवाय माहिती अधिकार कायद्यानुसार प्रत्येक कार्यालयाला सतरा बाबींची माहिती आपणहून जाहीर करावी लागते. फलकावर पिवळी पडलेली ती यादी सगळ्यांनी पाहिलेली असते, वाचत कोणी नाही. तिच्यातली तिसरी बाब आहे निर्णय घेण्याची कार्यपद्धती, देखरेख आणि उत्तरदायित्वाच्या साखळीसकट. पुरवठा कार्यालयात पात्रता ठरवायला प्रणाली वापरली जात असेल, तर ती कोणती, कोणाकडून घेतली, कोणत्या खात्यांची माहिती जुळवते, चुकीची खूण काढून टाकण्याचा अधिकार कोणत्या पदाला, हे सगळं त्या तिसऱ्या बाबीतच बसतं. नेदरलँड्सनं शहाणपण आल्यावर डिसेंबर २०२२ मध्ये सरकारी प्रणालींची जाहीर नोंदवही सुरू केली. आपल्याला नोंदवहीसाठी नवा फलकही टांगायला नको.

भाचा यावर तांत्रिक मुद्दा काढतो आणि तो वजनदार आहे. तो म्हणतो, आजच्या प्रणालींच्या आत कोट्यवधी आकडे असतात. त्यांतून गुण ऐंशी का आला याचं माणसाला कळेल असं कारण कित्येकदा बनवणाऱ्यालाही सांगता येत नाही. विचारलं तर यंत्र छान परिच्छेद लिहून देईल, पण तो खरंच निर्णयाचा आधार होता की मागाहून रचलेला, कोण सांगणार? मी म्हटलं, मागाहून रचलेल्या टिपण्या मी तुझ्यापेक्षा जास्त पाहिल्यात. उत्तर सोपं आहे. ज्या यंत्राला कारण सांगता येत नाही, त्यानं हवामानाचा अंदाज सांगावा, पिकावरचा रोग ओळखावा, भाषांतर करावं, माझी हरकत नाही. संशयित कार्डांची यादी काढून द्यायलाही हरकत नाही. कार्ड रद्द करायचं असेल तर घरी माणूस जाईल, आणि तो जे बघेल ते लिहील. त्यानं काम वाढेल? वाढेल. यंत्रामुळे वाचलेला पगार त्यात घाला. तो म्हणाला, मग यंत्र घेतलं कशाला? मी म्हटलं, हा प्रश्न निविदा काढण्याआधी विचारायचा असतो.

इथं आम्ही दोघं जरा एकमेकांच्या जवळ आलो. प्रयोगशाळेत काय बनवायचं त्यावर परवानगीचे जू नको, हे मी मान्य केलं. सरकारनं गरिबाच्या ताटावर वापरायचं ते यंत्र वेगळ्या मापानं मोजावं, हे त्यानं. खासगी बँकेनं कर्ज नाकारलं किंवा कंपनीनं नोकरीचा अर्ज यंत्राकडून चाळून घेतला तर काय, यावर अजून तंटा आहे. तिथं माहितीचा अधिकार पोचत नाही, आणि त्यासाठी नवा कायदा लागेल असं मला वाटतं. त्याला वाटत नाही.

मागच्या वेळी बहिणीनं फोन हिसकावून घेण्याआधी त्यानं विचारलं, "समजा, उद्या तुमच्याच ओळखीतल्या कोणाचं कार्ड असं गेलं, तर तुम्ही नक्की काय कराल? मोर्चा?" मी म्हटलं, माहिती अधिकाराचा साधा अर्ज. महाराष्ट्राच्या नियमानुसार एक विषय, दीडशे शब्दांच्या आत, वर दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. माझं कार्ड रद्द करण्याच्या आदेशाची आणि त्यामागच्या टिपणीची साक्षांकित प्रत द्या. पात्रता तपासायला संगणकप्रणाली वापरली असल्यास तिचे निकष आणि माझ्याविषयी तिनं नोंदवलेल्या बाबी द्या. निर्णयावर सही करणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव आणि पदनाम द्या. नोटीस दिली असल्यास तिची पोच द्या. बहुधा तीस दिवसांच्या आत उत्तर येईल की निकष हे कंपनीचं व्यापारी गुपित आहे, सबब कलम ८ अन्वये देता येत नाही. मग पहिलं अपील, मग आयोग, आणि आयोगात तारीख कधी लागते ते सर्वांना माहीत आहे.

"म्हणजे शेवटी नकारच," भाचा म्हणाला.

नकारच. पण तो नकार कलम ७(८) प्रमाणे लेखी द्यावा लागतो. त्यात नाकारण्याचं कारण लिहावं लागतं, अपील किती दिवसांत करायचं ते लिहावं लागतं, आणि ते कोणाकडे करायचं तेही.